याकोबसरांचं धावतं वर्णन

बोरखडीच्या शाळेची घंटा दिवाळीच्या सुट्टीत चोरीला गेली, आणि गेल्याचं गावाला कळलं ते होळीला. मधले महिने शाळा वेळेवर भरत होती आणि वेळेवर सुटत होती, कारण याकोबसर भिंगारदिवे व्हरांड्यात उभे राहून "भरली!" आणि "सुटली!" एवढे दोनच शब्द टाकायचे. त्या "सुटली"नं मैलभर पलीकडच्या वाडीची शाळासुद्धा सुटायची. तिथले मास्तर रोज अर्धा तास आधी घरी जात आणि आमच्या सरांना दुवा देत. मी वाढवून सांगतोय असं वाटेल. थोडं वाढवतोय. पण ज्यांनी तो आवाज ऐकलाय त्यांना विचाराल तर ते माझ्यापेक्षा जास्त वाढवतील.

एवढा आवाज कुठं ठेवत असतील, हा प्रश्न मात्र बघणाऱ्याला पडायचाच. उंची पाच फुटाला दोन बोटं कमी, अंग शेवग्याच्या शेंगेसारखं, सदऱ्याची वरची गुंडी कायम लावलेली आणि गळ्याचं हाड तिच्यावर आपटत असलेलं. आवाज वडिलांकडून आला होता. वडील ख्रिस्ती कीर्तनकार. वीणा खांद्यावर घेऊन नगर जिल्ह्यातली गावं पायी हिंडले आणि झाडाखाली माणसं बसवून त्यांनी येशूची गोष्ट सांगितली. "बाबा गोष्ट सांगताना माणसाला समुद्र दिसायचा," सर म्हणायचे. "कर्जत तालुक्यातल्या माणसाला समुद्र! ज्यानं आयुष्यात वाहती नदी दोनदा बघितली त्याला!"

मी त्या शाळेत नवीन मास्तर म्हणून लागलो तेव्हा त्यांनी मला "अहो नवे" अशी हाक मारली. पुढं मी जुना झालो, माझ्यानंतर दोघं लागले, तरी "नवे" मीच राहिलो.

सरांची खोड एकच. डोळ्यांसमोर जे चाललंय ते सांगत सुटायचं. हेडमास्तरांकडे ट्रान्झिस्टर होता आणि त्यावर क्रिकेटची इंग्रजी कॉमेंटरी लागायची. हेडमास्तर मान डोलावत ऐकायचे, त्यातलं त्यांना फक्त टाळ्यांचा आवाज तेवढा कळायचा. याकोबसरांना मात्र त्या पेटीनं झपाटलं. न दिसणारा खेळ एक माणूस नुसत्या तोंडानं दाखवतो, हे त्यांना बाबांच्या समुद्रासारखं वाटलं. मग काय! एकदा तपासणीला आलेले साहेब खुर्चीत पेंगायला लागले, तर सर मागच्या बाकाजवळ उभे राहून मुलांना हळूच सांगत होते, "साहेबांची मान उजवीकडं... आणखी उजवीकडं... सावरली! साहेब पुन्हा सरळ. पण डोळे? डोळे मिटलेलेच." सरांचं 'हळूच' म्हणजे काय ते तुम्हाला आता ठाऊक आहे. साहेब जागे झाले. शेरेबुकात काय लिहून गेले ते हेडमास्तरांनी आम्हाला कधी दाखवलं नाही.

"दिसतंय ते सांगायचं, नवे," हा त्यांचा मंत्र. "वाटतंय ते घरी ठेवायचं."

आणि त्यांना सांगायचं होतं ते क्रिकेट नव्हे. आट्यापाट्या.

हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. जमिनीवर नऊ आडव्या पाट्या आखायच्या आणि त्या सगळ्यांच्या मधून एक उभी रेघ, तिला सूर म्हणतात. एका संघाचे गडी पाट्या धरतात, दुसऱ्या संघाचे गडी हुलकावण्या देत एकेक पाटी ओलांडत पार जातात आणि तसेच परत येतात. जो सगळ्या पाट्या पार करून परतला त्यानं लोण आणलं. मधे ज्याला हात लागला तो मेला. खेळ एवढाच. पण एकाच वेळी पाच जण पाच ठिकाणी हुलकावणी देतात, कुणी कोंडीत सापडतो, कुणी निसटतो, आणि बघणाऱ्याला कुठं बघू असं होतं. हे तोंडानं सांगणं म्हणजे तापलेल्या तव्यावरच्या लाह्या मोजणं.

"क्रिकेटची कॉमेंटरी साहेबलोक करतात, याकोब," हेडमास्तर म्हणाले. "या मातीउकरीची कोण ऐकणार?"

"मोठे गुरुजी, मातीतल्यांनाच तर ऐकवायचीय," सर म्हणाले.

सरावासाठी त्यांना श्रोता पाहिजे होता. डोळे बांधलेला श्रोता चालेना, कारण तो फडक्याखालून बघतो असा त्यांचा संशय. म्हणून त्यांनी मला विहिरीत बसवलं. शाळेमागची विहीर. बहात्तरचा दुष्काळ उंबऱ्यावर होता आणि त्या विहिरीत पाण्याऐवजी गार सावली तेवढी उरली होती. मी चाळीस पायऱ्या उतरून तळाशी बसायचो, पुढ्यात नऊ रेघा ओढायचो आणि पाच खडे मांडायचो. वर पोरं आट्यापाट्या खेळायची आणि सर काठावर उभे राहून माईक म्हणून तांब्या तोंडापुढं धरून वर्णन करायचे. त्यांनी सांगितलं तसा मी खडा हलवायचा. डाव संपला की सर खाली उतरून माझे खडे बघणार आणि वर राहिलेल्या गड्यांशी ताडून पाहणार.

पहिल्या दिवशी माझे तीन खडे मेले होते आणि वर एकच गडी मेला होता. सरांनी कपाळाला हात लावला. "दोन गडी मी फुकट मारले, नवे." पंधरा दिवसांनी एकाचा फरक राहिला. महिन्यानं एके दिवशी खडे आणि गडी तंतोतंत जुळले. सर विहिरीच्या तळाशी माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि काही बोलेनात. तो माणूस गप्प बसलेला मी प्रथमच बघत होतो. विहीर भरून येईल की काय असं मला वाटलं, इतके ते भरून आले होते.

शब्दांचा घोळ मात्र शिल्लक होता. मी म्हणालो, "सर, 'मेला' नको. रेडिओवर बरं दिसत नाही. क्रिकेटात 'बाद' म्हणतात, तसं 'बाद' म्हणा."

"बाद हा कचेरीतला शब्द," सर म्हणाले. "अर्ज बाद होतो, मत बाद होतं. आपला गडी जिवावर उदार होऊन खेळतो. तो मरतो."

दुसरा घोळ नावांचा. बोरखडीच्या संघात तीन पांडुरंग होते. आडनावंही एकच. बापाचं नाव लावून बघितलं तर दोघांचे बाप पुन्हा किसन. तेव्हा सरांनी तोड काढली: आईचं नाव लावायचं. सखूबाईचा पांडुरंग, गजराबाईचा पांडुरंग आणि हौसाबाईचा पांडुरंग. "रेडिओवर आईचं नाव जाईल, नवे. या बायांचं नाव रेशनकार्डाबाहेर कुठं गेलंय का आजवर?"

ही तोड त्यांना फार आवडली. मलाही आवडली. तेव्हा.

दुष्काळ आला तो आमच्या सगळ्यांच्या अंदाजापेक्षा उंच होऊन आला. गावात मोटा थांबल्या, जनावरं छावणीत गेली. दीड मैलावर माळाच्या उतरणीला पाझर तलावाचं काम निघालं आणि अख्खं गाव खडी फोडायला आणि माती वाहायला तिकडं गेलं. शाळेत सुकडी मिळायची म्हणून मुलं यायची, घरात रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी. ती भाकरी तोंडात फिरते पण खाली उतरत नाही, हे मी वाढवून सांगत नाही.

अशा दिवसांत सरांना पत्र आलं. रेडिओच्या साहेबांना त्यांनी तीन वर्षं पत्रं पाठवली होती. साहेबांनी लिहिलं होतं: गावाकडच्या खेळांवर कार्यक्रम करायचा विचार आहे, आम्ही ध्वनिमुद्रणाला येतो, तुमचं वर्णन जमलं तर पुण्याला आवाजाच्या परीक्षेला बोलावू. पत्र वाचल्यावर सरांनी ते दिवसभर सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि दर तासाला उघडून बघितलं. शाई उडून जाईल अशी त्यांना भीती. वय सेहेचाळीस. पुढच्या वर्षी कुणी बोलावणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

हौसाबाईचा पांडुरंग बावीस वर्षांचा. पाच पाट्या पार केल्यावर वाऱ्याला हात लावता येईल पण त्याला नाही, असा गडी. हौसाबाई विधवा. थोरला मुलगा आदल्याच वर्षी विहिरीच्या कामावर दरडीखाली गेला होता. ती तलावावर खडी फोडायची आणि पांडुरंग माती वाहायचा. ध्वनिमुद्रणासाठी ठरवलेल्या सामन्याला त्याला कामावरून सुट्टी मागायला सर स्वतः गेले. मी बरोबर होतो.

"न्हेता तर न्ह्या," हौसाबाई हातोडी न थांबवता म्हणाली. "पर मास्तर, त्याला लई पळवू नका. मिलोच्या भाकरीवर पळतंय त्ये."

"हौसाबाई, तुमचं नाव पुण्यापर्यंत पोचवतो."

"माजं? माजं काय काम पुन्याला?" तिनं तोंडाला पदर लावला. शेजारच्या बाया हसल्या. "आगं हौसे, आता तुला साडीचोळी घिऊन रेडिवचा मानूस यील!"

"गप गं भवाने!" हौसाबाई म्हणाली. पण हातोडी क्षणभर थांबली होती. ते मी पाहिलं.

तिथून परतताना सरांच्या डोक्यात आलं. सामन्यासाठी लाउडस्पीकरचा भोंगा येणारच आहे कर्जतहून, मग त्याचं तोंड गावाकडं कशाला? गाव तर तलावावर आहे. भोंग्याचं तोंड तलावाकडं करायचं. बाया खडी फोडता फोडता ऐकतील, आपापल्या पोरांची नावं ऐकतील. "दीड मैलाचा समुद्र दाखवू, नवे."

मैदानालगतच्या कडुलिंबावर मी चढलो. भोंगा बांधला मी. तोंड तलावाकडं वळवलं ते मी. सर खालून सांगत होते, "डावीकडं... आणखी जरा... बास!"

उन्हाळ्याचे दिवस, अकराची वेळ. पाट्या राखेनं आखल्या होत्या. चुन्याची फक्की आणायचं कुणाला सुचलं नव्हतं आणि पाण्याचा सडा मारायचा तर पाणी कुणाचं. साहेब मोटारीतून आले. शिवणयंत्राएवढा टेपरेकॉर्डर त्यांनी टेबलावर ठेवला, त्याच्यावर दोन चाकं गरगरायला लागली आणि सरांनी माईक हातात घेतला. सदऱ्याची वरची गुंडी चाचपली आणि तोंड उघडलं.

आता मी काय सांगू? तो पहिला डाव ज्यांनी डोळ्यांनी पाहिला ते आंधळे असते तर बरं, असं मला वाटलं. कारण सरांनी सांगितला तो खेळ मैदानावरच्या खेळापेक्षा सुंदर होता. गजराबाईचा पांडुरंग मेला, त्यावर माणसं हसली. सखूबाईचा मेला, तेव्हाही हसली. पुढं कळलं की तलावावर बायाही हसत होत्या. "गजरे, गेलं गं तुजं!" असं एकमेकींना चिडवत होत्या. मेला म्हणजे खेळातला मेला, हे त्यांना का ठाऊक नव्हतं? त्या मातीत त्याही लहानपणी खेळल्या होत्या.

मग हौसाबाईचा पांडुरंग सुटला. आठ पाट्या गेल्या, नववी गेली, फिरला. परतीच्या वाटेवर एकेक पाटी मागं टाकत आला. लोण पदरात पडायला एकच पाटी राहिली होती. सरांचा आवाज वर वर चढत होता. वडिलांच्या कीर्तनात शेवटी चढायचा तसा.

"हौसाबाईचा पांडुरंग... एक पाटी... एकच पाटी... हूल दिली... आणि पडला! पांडुरंग पडला! उठत नाही. अरे, ऊठ लेकरा... ऊठ... हलत नाही पांडुरंग... हात आला... मेला! हौसाबाईचा पांडुरंग मेला!"

राखेवरून पाय घसरला होता त्याचा. छातीवर आपटला, श्वास अडकला, पालथा पडून राहिला आणि पडल्यापडल्याच सुरावरच्या गड्यानं त्याला हात लावला. अर्ध्या मिनिटात उठून बसला, राख झटकली आणि रेघेबाहेर जाऊन उभा राहिला. पण सरांचा आवाज शेवटच्या शब्दाला फुटला होता. खरोखर रडला होता तो माणूस. लोण हुकल्याचं रडू. वाटतंय ते घरी ठेवायचं विसरला, आयुष्यात एकदा.

वारा तलावाकडं होता. तोही कधी पडायचा, कधी उठायचा. हातोड्यांच्या आवाजात बायांना तुकडे तुकडे ऐकू येत होते. आधीचं हूल, पाटी काही पोचलं नाही. पोचलं ते "पडला", "हलत नाही", "मेला" आणि रडणं.

दुसरा डाव सुरू झाला. सर सावरले होते आणि पुन्हा रंगात आले होते. तेवढ्यात माळावर काही तरी हललं. दिसतंय ते सांगायचं.

"आणि माळावरून कुणीतरी धावत येतंय. बाई आहे. पाय अनवाणी, डोक्यावर पदर नाही. हातात... हातात हातोडी आहे." माणसं वळून बघायला लागली. "हौसाबाई! हौसाबाई आल्या आपल्या पोराचा खेळ बघायला!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हौसाबाईनं मैदान टाळून वळसा घातला नाही. ती सरळ आत शिरली. पाट्या धरलेले गडी बाजूला झाले. "पहिली पाटी... दुसरी... तिसरी... कुणाची हात लावायची हिंमत नाही! हौसाबाई निघाल्या!" माणसं हसून हसून लोळत होती. साहेबसुद्धा हसले. ती नऊच्या नऊ पाट्या ओलांडून पलीकडच्या रेघेबाहेर दम खात उभ्या असलेल्या पांडुरंगापाशी पोचली. त्याच्याकडं बघितलं. त्याच्या तोंडावरून हात फिरवला, खरं आहे का बघितल्यासारखा, आणि मग काडकन मुस्काटात मारली.

"मुडद्या! जिता हाईस व्हय!"

त्या वेळी जो हशा झाला तो मला अजून ऐकू येतो.

"हौसाबाई खाली बसल्या," सर सांगत होते. तेही हसत होते. "दमल्या. दीड मैल आल्या. पांडुरंग पाणी देतोय. मांडीवर डोकं घेतलंय आईचं. पाणी ओठाला लावलं. पाणी..." इथं हसणं गेलं. "पाणी आत जात नाही. पाणी गालावरून खाली येतंय. पांडुरंग हाक मारतोय. पुन्हा हाक मारतोय. हौसाबाई..."

पुढचा शब्द त्यांच्यापाशी एकच होता. सकाळपासून तो त्यांनी बारा वेळा उच्चारला होता. तो त्यांच्या तोंडातून निघाला नाही. माईक तोंडापुढं तसाच, ओठ उघडे. भोंग्यातून नुसती घरघर येत होती आणि टेबलावर ती दोन चाकं फिरत होती.

उपाशी पोटी, त्या उन्हात. कर्जतचे डॉक्टर नंतर म्हणाले, काळजानं दगा दिला.

तलावावर बायांनी हातोड्या खाली ठेवल्या होत्या. हसणं ऐकलं, पाणी ऐकलं आणि मग काहीच नाही. त्या निघाल्या. माळावरून एकामागून एक, रांगेनं, दीडदोनशे बाया चालत येत होत्या. ती रांग संपेपर्यंत माझ्यानं तिकडं बघवलं नाही.

पंधरा दिवसांनी पुण्याचं पत्र आलं. आवाज उत्तम आहे, अमुक दिवशी परीक्षेला या. सरांनी ते मला तेव्हा दाखवलं नाही. ते घेऊन पांडुरंगाच्या घरी गेले आणि मला दारापर्यंत नेलं. पांडुरंग चुलीशी भाकरी थापत होता. त्याला धड थापता येत नव्हती.

"जाऊ का?" सरांनी विचारलं. एवढंच.

पांडुरंगानं पीठ मळता मळता मान वर केली. "जावा की सर. तुमी काय खोटं बोल्ला न्हाई. म्या मेलोच हुतो. ह्यो नियमच हाय." मग पिठाचे हात झटकून म्हणाला, "आईला नियम ठावं हुता वो. पर तुमी रडला."

सर एवढे खाली वाकले की मला वाटलं आता पडतात. पण ते उंबऱ्याला हात लावत होते.

ते पुण्याला गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. मी स्टॅंडवर गेलो होतो. सर बसमधून उतरले, धोतराचा सोगा झटकला आणि चालायला लागले. गावाच्या शिवेपर्यंत आलो. मग म्हणाले, "खोलीत माईक होता, नवे. समोर काच, काचेपलीकडं साहेब. लाल दिवा लागला. म्हणाले, काहीही सांगा, समोर दिसेल ते. मी म्हणालो, 'साहेब खुर्चीत बसले आहेत. साहेब जिवंत आहेत.' पुढं काही सुचलं नाही. पुन्हा तेच म्हणालो. मग दिवा विझला."

यात हसण्यासारखं आहे, हे मला कळतं. मी ही गोष्ट चारचौघांत सांगतो तेव्हा लोक इथं हसतात. मी हसू देतो.

त्या दिवसापासून वर्गात सर खडूनं लिहायचे. पोरं वाचायची. शाळा भरल्याचं नि सुटल्याचं हेडमास्तर लोखंडी पट्टी बडवून सांगायला लागले. गावात कुणी त्यांना वाकडा शब्द बोललं नाही, आणि तेच त्यांना जास्त लागत असावं. संघ मोडला. राखेच्या पाट्या वाऱ्यानं गेल्या.

आणि मग तलावाच्या कामात कातळ लागला.

कातळ म्हटलं की सुरुंग. रोज दुपारी सुरुंग उडायचा. त्याआधी मुकादम शिट्टी फुंकायचा आणि बाया पळत लांब जायच्या. धुरळा बसेपर्यंत इकडं गावात राहिलेली म्हातारी माणसं आणि पोरं माळाकडं तोंड करून उभी असायची. कोण लांब गेलं होतं, कोण राहिलं, कळायला तासभर लागायचा. एके दिवशी शाळा सुटल्यावर सर तलावावर गेले आणि मुकादमाला म्हणाले, "मला इथं उभं राहू द्या." मुकादमानं विचारलं, "कशाला मास्तर?" सर म्हणाले, "सांगायला."

तिथल्या लोहारानं पत्र्याचा एक कर्णा वळून दिला. रोज सुरुंग उडाला, दगड पडायचे थांबले की सर मातीच्या ढिगावर चढायचे, धुरळ्यातून एकेकीला डोळ्यांनी शोधायचे आणि दिसली की गावाकडं तोंड करून नाव घ्यायचे. "गजराबाई, जिवंत." मग पुढची. दिसल्याशिवाय नाव नाही. त्यांची सांगण्याची ढब पार गेली होती. ना चढ, ना उतार. आवाज मात्र तोच. गावातली माणसं दारात उभी राहून ऐकायची. आपल्या घरचं नाव आलं की आत जायची. कुणी त्याला कॉमेंटरी म्हटलं नाही. दुष्काळ असेतो ते रोज गेले. एक दिवस ताप होता, तेव्हा पांडुरंग त्यांना खांद्यावर घेऊन ढिगावर चढवताना मी पाहिला.

माझी बदली झाली श्रीगोंद्याकडं. ट्रंक बसच्या टपावर टाकून मी निघालो. रस्ता तलावाच्या कडेनं जायचा. लाल फडकं हातात घेतलेल्या माणसानं बस अडवली. पुढं सुरुंग. उतारू कुरकुरायला लागले. मग जमीन हलली, बसच्या काचा थरथरल्या आणि धुरळ्याचा एक डोंगर उठून हळूहळू बसला. ढिगावर मला ती बुटकी आकृती दिसली.

"सखूबाई, जिवंत."

"भागूबाई, जिवंत."

"ह्ये काय हो?" शेजारचा उतारू म्हणाला. तो लांबचा असावा. "रेडिव लावलाय का काय?"

नावं येत होती. कधी दोन नावं लागोपाठ, कधी मधे अंतर. त्या अंतरात सर हात कपाळाशी धरून धुरळ्यात बघत असायचे.

"चंद्राबाई, जिवंत."

मग बराच वेळ काही नाही. सर ढिगावर दोन पावलं पुढं सरकले. टाचा उंचावल्या. लाल फडकं खाली आलं, कंडक्टरनं दोरी ओढली आणि बस निघाली. मी मागच्या काचेपाशी गेलो. इंजिनच्या आवाजात काही ऐकू येईना. सर अजून तसेच बघत उभे होते, कर्णा तोंडाजवळ, आणि ओठ हललेले मला दिसले नाहीत.